चौथा डाव

आई विचारते, गोल किती मारलेस?
एकही नाही, मी सांगतो. बाकीच्यांचे तीन डाव फसले
की मला आत बोलावतात.
माझं काम चेंडू देऊन टाकायचं.

देऊन टाकायचे पैसे मिळतात?
मिळतात. पोलंडात एक खोली, जुनी सायकल,
दुपारचं जेवण, आणि आपल्या करावे गावातल्या
एका भाडेकरूइतकी रोकड.

गोलकीपर होतो तेव्हा माझी किक
कुंपण ओलांडून खाडीच्या गाळात जायची.
पोरं शिव्या घालायची. इथे टाळ्या पडतात.

हा चेंडू बोईसारखा, दोन्हीकडून निमुळता.
फेकायचा नाही, नुसता सोडायचा,
बाबा पाग टाकताना
मनगट जिथे सैल करतात, तिथेच.
मग पाय.
साडेचार सेकंद तो वरच राहतो,
तेवढ्यात आपली माणसं
खालून धावत पोहोचतात.

आजोबांनीही दिलं होतं देऊन:
मिठागर, दीड एकर भात. सहीच्या जागी अंगठा.
साडेबारा टक्क्यांची फाईल अजून बेलापुरात,
कुठल्या टेबलावर, कोण जाणे.
त्यांना कुणी सांगितलंच नाही,
द्यायचंच असेल तर उंच द्यावं,
आपल्याला धावायला वेळ मिळेल इतकं उंच.

काल उणे सहा. चेंडू विटेसारखा.
एकोणचाळीस यार्ड. वाईट.
बोटं अजून बधिर आहेत, फोन धरवत नाही.

आई थोडा वेळ गप्प. मागे कुकरची शिट्टी.
मंग, परत दिला का त्यांनी?