फिरता साचा

उद्यमबागेत, तिसऱ्या शिफ्टच्या चहाला
मोनाप्पा धामणेकर म्हणाला,
वर दगडात वस्ती करायची म्हणतात. अवकाशात.
पोरीनं मोबाईलवर दाखवलंय.
होईल काय रे?

मी लायनर ओततो. सतरा वर्षं.
साचा आडवा, नळीसारखा, गरगर फिरता,
आत लाल रस सोडला की
तो खाली पडत नाही,
खाली असं काही उरतच नाही त्याला,
चहूकडून भिंत धरून बसतो.
म्हणजे एवढं मला कळतं:
दगड पोखरा, फिरवा,
आतल्या माणसाचे पाय भिंतीला टेकतील
आणि डोक्यावर, सहाशे मीटरवर,
शेजारीण उलटी उभी राहून
कपडे वाळत घालेल.

बसलिंग हुक्केरी पॅटर्न शॉपचा.
आम्ही मीठ खाल्लं नसेल इतकी वाळू त्यानं खाल्लीय.
इल्लो माराया, म्हणाला,
दगड कुठला, ढीग तो.
ट्रकातनं ओतलेली खडी.
बाइंडर कमी पडला की साचा कसा ढासळतो, आठव.
फिरवलास की उडाला.

आठवलं.
तो सोमवार माझ्या डाव्या घोट्यावर आहे अजून.

चहावर साय धरली.

मोनाप्पाची बायको वडगावची,
माहेरी चार माग होते, आता एक,
त्यावर गाद्या रचलेल्या.
पिशवी विणायची, तो म्हणाला. जाळी.
ढिगाला गुंडाळायची, मग फिरवायचं.
खडी सुटेल, जाळीत अडेल,
तीच भिंत.
धागा कशाचा?
कोळशाचा, पोरगी म्हणत होती, केसाहून बारीक.
आणि वार किती?

विडीच्या कट्ट्याच्या कागदावर हिशेब मांडला.
त्रिज्या तीनशे मीटर.
मिनिटाला एक फेरा.
वजन तिसरा हिस्सा.
बसलिंग बराच वेळ कागद बघत राहिला,
मग म्हणाला, माझे गुडघे येतील.

तालुका कुठला पडेल त्याला, मी विचारलं,
आणि पाटी?
कोणी हसलं नाही.
भट्टीवाल्यानं हाक मारली, दोन भाषांत,
नेहमीसारखी.

पहाटे लायनर निवला.
एका तोंडानं मी आत बघितलं,
दुसऱ्या तोंडाशी बसलिंगचा डोळा.
तिथं, म्हणाला, तुझ्या अंगठ्याजवळ.
सुईएवढं भोक. त्यातनं
बाहेरचा बल्ब दिसत होता.

खडूनं फुली मारून
त्यानं तो बाजूला लोटला.
हवा गेली असती, म्हणाला.