जोडी झाली, जोडणी नाही

केबल उंदरांनी खाल्ली, तेव्हापासून
भट्टीचा ताप फक्त केबिनमधल्या कॉम्प्युटरलाच कळतो.
ओतायच्या आधी पंचवीस पावलं जायचं,
आकडा बघायचा, पंचवीस पावलं यायचं.
तोवर लोखंडाचं मत बदललेलं असतं.

उद्यमबागेत रात्रपाळी. साडेबारा.
इराप्पा होसमनी म्हणाला, "तुझा फोन जोड की.
वायर नको, काय नको."

फोनला कॉम्प्युटर लगेच दिसला.
कॉम्प्युटरला आधी शेजारच्या शेडमधला स्पीकर दिसला,
मग कुणाचा तरी कानातला,
मग, बऱ्याच वेळानं, मी.
दोघांनी एकच सहा आकडी नंबर दाखवला: हाच का?
मी इकडून होय दाबलं,
इराप्पानं तिकडून हौदु.
जोडी झाली, असं आलं.
खाली बारीक अक्षरात: जोडणी नाही.

आईला झोप नव्हती. "काय करूलालास अजून?"
"सिरियल लावतोय."
"कुठली? मराठी की कन्नड?"

दारं दोन असतात, हे मला एक वाजता कळलं.
चार नंबर येणाऱ्याचं, पाच नंबर जाणाऱ्याचं.
अर्धा तास मी पाच नंबरात उभा राहून
कोण येतंय बघत होतो.

मग आलं. पण काय आलं!
उलटी प्रश्नचिन्हं, रिकामे चौकोन,
डोक्यावर दोन टिंबं घेतलेला वाय.
"कन्नड नव्हे," इराप्पा म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.
"मराठीबी नव्हे."
पाट्यांना काळं फासणाऱ्यांनाही
इथं ब्रश कुठून सुरू करावा कळलं नसतं.

चूक वेगाची होती.
तिकडून नऊ हजार सहाशेनं सांगणं चाललेलं,
मी एक लाख पंधरा हजारानं ऐकत होतो.
वेग उतरवला.
आठ ठिपके, पुढे एक आलो म्हणणारा,
मागे एक झालं म्हणणारा,
पाळी सुटल्यावर बारक्या गेटातून
सायकली निघतात तसे, एकेक.

इराप्पानं केबिनमधून टाइप केलं.
यंत्राला इंग्रजीच अक्षरं चालत होती,
त्यामुळं त्याचं ऊट आय्ता
आणि माझं जेवलो,
दोघंही दुसऱ्याचा शर्ट घालून आले.
पण आले.

मग खिशात आकडे वाजायला लागले.
तेराशे ऐंशी. तेराशे ब्याण्णव. चौदाशे चार.
"ओत," मी ओरडलो, आणि लाडल हलली.

साच्यांची रांग लांब आहे,
वाळूच्या ढिगापलीकडं जाते.
अकराव्या साच्याशी फोन म्हणाला, तुटलं.
इराप्पा काचेमागून हात हलवत होता,
मला एक अक्षर कळत नव्हतं.

शेवटचे दोन साचे
रंग बघून ओतले.