नववं टेबल

बो शहरातल्या वैद्यकीय शाळेत
परीक्षेची घंटा मी वाजवतो.
बारा टेबलं, दर टेबलाला दीड मिनिट.
घंटा पितळी, मिशनच्या बंद पडलेल्या शाळेतून आणलेली.
मला ती मनगटात कळते.

पहिल्या टेबलावर गोवर झालेलं पोर,
गालाच्या आत मीठ सांडल्यासारखे ठिपके.
दुसऱ्यावर पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूची काच.
तिसऱ्यावर कावीळ, म्हणजे नुसता एक छापील डोळा.
मग नागीण, मग पोलिओचा काटकुळा पाय,
आणि सहाव्यावर फक्त प्रश्न:
हा डास कोणत्या वेळी चावतो?
(इथे पोरं हसतात. डास काय घड्याळ बघतो?)

नवव्यावर उंदीर.
मादी आहे, पोटाखाली स्तनांच्या दोन लांब रांगा.
भुसा मीच भरला, शेपटीला तार घातली.
शेजारी प्राध्यापक लान्सानांच्या अक्षरातलं कार्ड:
अ) ह्या प्राण्यापासून होणारा ताप कोणता?
आ) जे बरे होतात, त्यांतले कित्येक काय गमावतात?

अ सगळ्यांना येतं.
लासा हा शब्द आमच्याकडे पोरांना
बाराखडीच्या आधी येतो.
आ ला काहीबाही लिहितात.
केस. वजन. स्मरणशक्ती.
एकाने गेल्या वर्षी लिहिलं होतं, शेजारी.
त्याला शून्य मिळालं.
पेपर गोळा करताना मी मात्र ते दोनदा वाचलं होतं.

केनेमाच्या वॉर्डात मी एकोणीस दिवस होतो.
एका रात्री भाताचं पातेलं झाकायचं राहिलं, एवढंच.
बहीण जेब्बे पलीकडच्या खाटेवर.
सहाव्या दिवशी ती खाट धुतली.
मी उठून भिंत धरत अंगणात आलो,
तर जनरेटर बंद.
हात लावून पाहिला.
तापलेला होता, थरथरत होता.
तेव्हा कळलं, बंद काय पडलंय ते.

डावा पुरता गेला. उजव्याला अर्धंमुर्धं येतं.
नोकरी लागताना कुणी विचारलं नाही,
मीही बोललो नाही.
घंटा वाजवणाऱ्याला ऐकायचं काय काम?

आज केमा वांडी, नंबर सत्तावीस, कैलाहुनची,
नवव्यापाशी अडली.
माझ्या डाव्या हाताला होती.
काहीतरी म्हणाली असणार.
पुन्हा म्हणाली असणार.
उंदरावर तिची सावली हलली म्हणून मी वळलो,
मान तिरकी करून उजवा कान पुढे केला,
बायकोपुढे करतो तसा, मासळीबाजारात करतो तसा.
"काका, किती वेळ उरलाय?"

वेळ संपला होता.
पण ती घड्याळाकडे बघतच नव्हती.
माझ्या कानाकडे बघत होती.
मग उंदराकडे.
मग परत कानाकडे, जरा ओशाळून,
जणू कुणाच्या घरात न विचारता शिरली.

घंटा मी उचललेली होती.
चार सेकंद तशीच धरली.
सहा असतील.
अकरा वर्षांत एवढी एकच लबाडी,
आणि तीही केली की झाली, मला सांगता येत नाही.

संध्याकाळी प्राध्यापक पेपर तपासत होते.
सत्तावीस, नऊ, आ:
"कान. बहुतेक डावा."
त्यांनी 'बहुतेक डावा'खाली लाल रेघ ओढली,
समासात लिहिलं, पुरावा काय?
आणि दिला अर्धा गुण.
मी शेजारीच उभा होतो, त्यांचा चहा घेऊन.
ते म्हणाले असतील, ठेव तिथे.
मी उभाच राहिलो.

उद्या दुसरी तुकडी.
ताटल्या धुवून झाल्या, कार्डं पुसून झाली.
उंदराचा एक कान सुटत आलाय.
दिवे गेले नाहीत तर
आजच टाका घालून टाकतो.