नांगी न्हवं

मष्णूच्या दुकानात तेव्हा नऊ टीव्ही होते,
आठ मेलेले, एक जिवंत.
जिवंतावर दुपारभर काहीतरी चालू ठेवायचं
आणि काच पुसायची, एवढं माझं काम.
खानापूर स्टँडसमोर. पाटी कन्नडमध्ये,
खाली बारीक मराठी, उन्हानं अर्धी खाल्लेली.

त्या दिवशी पडद्यावर समुद्र होता.
हिंदीतला एक गडगडाटी आवाज सांगत होता,
चाळीस कोटी वर्षं,
आणि तळातला गाळ हलला
आणि ते वर आलं.
माणसाहून लांब. चिमटे फाटकासारखे उघडणारे,
डोळे उसाच्या गाडीच्या दिव्याएवढे.
एकवीस इंचांत मावेना,
चिमटे आत आले की शेपूट बाहेर,
शेपूट आत आलं की चिमटे गायब.
रसवाला चरक थांबवून बघायला आला.
दांडेलीच्या गाडीसाठी बसलेले उठून उभे राहिले,
एकीनं पोराला मागं ओढलं.

तेवढ्यात बाबा आले.
जांभोटीकडच्या चिऱ्याच्या खाणीतून,
उजवा हात डाव्या हातावर घेऊन,
शेजाऱ्याचं आजारी पोर आणावं तसा.
"केवढा होता, लुमाण्णा?" मष्णूनं विचारलं.
बाबांनी करंगळीचं दीड पेर दाखवलं.

डॉक्टर जेवायला गेलेला, तीनला येणार.
म्हणून माझ्याच स्टुलावर बसले,
घामानं निथळत, पडद्यासमोर.
समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.
चोर्ला उतरला की पुढं लागतो, एवढं ठाऊक.
चिरे ट्रकात बसून तिकडं जायचे,
बाबा नाही.

पडद्यावर जनावरानं शेपूट पाठीवर वळवलं.
ढोल वाजले. टोक चमकलं. एक मासा तडफडला.
जनावर डरकाळी फोडून कॅमेऱ्यावर धावून आलं.
आणि बाबा हसले.
दात आवळलेले, पण हसलेच.

"नांगी न्हवं ती," म्हणाले.
"मघाशी पोहत होतं तेव्हा बघितलास न्हवं?
टोक पसरट हाय. फावड्यागत.
पाणी सारायला हाय ते, माशाला टोचायला न्हवं.
आमच्या विंचवाचा काटा
उसना घेऊन लावलाय की त्याला."
मग कळ आली, डोळे मिटले,
कळ गेल्यावर उरलेलं वाक्य:
"आणि वरडतंय कशाला ते?
विंचू कुठं वरडतोय.
वरडायचं ते आपण."

पण ते स्वतः ओरडले नाहीत.
करंट गेला. नववाही मेला.
काळ्या काचेत मी, मष्णू, रसवाला,
आणि मधोमध एक हात, सुजत चाललेला.

पुढं बेळगावात, कॉलेजच्या वाचनालयात,
दुपारची झोप येईना म्हणून मी ते जनावर शोधलं.
शेपटीचं टोक पसरट निघालं.
टोचायचं की नाही यावर अभ्यासकांचा अजून वाद,
पण बहुतेक वल्ह्याच्या बाजूनं बोलतात,
बाबांच्या बाजूनं.
आणखी एक मिळालं, ते मला ठाऊक नव्हतं:
दगडात सापडतात त्यांतली पुष्कळशी जनावरं नव्हेतच.
वाढताना घट्ट झालेलं कवच
त्यांनी तिथं सोडून दिलेलं.
आतलं निघून गेलं पुढं, मऊ, उघडं,
आणि त्याची जुनी कापडं बघून
कुणी त्याला उभं केलं, हलवलं,
ढोल लावले, डरकाळी भरली.

आमच्याकडे खिळ्यावर बाबांचा खाणीतला सदरा आहे.
तीन वेळा धुतला, जांभ्याचा रंग जाईना.
पाठ ताठ राहते, रिकामी असूनही.
कुणी यावरून बाबांना उभं करायचं म्हटलं
तर खांदे बरोबर येतील, उंचीही येईल.
हसू कुठून आणतील?
फार तर आवाज मोठा करतील.

उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली आहे.
त्या दिवशी सूज चढताना मीच दुमडली होती.
धुतानाही आई ती उलगडत नाही.