तुलना करा

प्रश्न दोन ओळींचा, गुण तीस.
कवी प्रेम कसं रंगवतात आणि घरची नाती कशी,
कोणत्याही दोन कविता घ्या, तुलना करा.
शाल्मलीने पिवळ्या हायलायटरने ‘प्रेम’ माखलंय,
गुलाबीने ‘घर’.
दोन्ही रंग जिथे एकावर एक चढलेत
तिथे कागद ओला होऊन फाटायला आलाय.

स्टॉकपोर्टला डिसेंबरात चारलाच अंधारतं.
खिडकीतून पुलाच्या कमानी दिसायच्या बंद होतात,
नुसता वरून गाडीचा उजेड सरकत जातो.
फार्मसीतून येऊन मी कोट न काढताच
कणीक मळायला घेतलीय
आणि ही विचारते,
आई, ह्या माणसाला नक्की म्हणायचंय काय?

ह्या माणसाची प्रेयसी दीपगृह आहे.
चौदा ओळी ती नुसती उभी. उजळत.
तिचे पाय दुखत नाहीत,
आणि कोणी विचारतही नाही
की बाई, तुझ्या तेलाचं कोण बघतं.

दुसऱ्या कवितेत एक मुलगा आहे, आता म्हातारा झालेला.
वडिलांनी एकदा गोठलेलं फाटक
खांदा लावून ढकललं होतं, त्याला तेवढंच आठवतं.
बाकी सगळं बर्फ.
शाल्मली समासात लिहिते: न बोलणं म्हणजे माया.
मग खोडते.
मग खोडलेल्यावर प्रश्नचिन्ह.

असं लिहू का, की प्रेमाला शब्द लागतात
आणि घराला लागत नाहीत?

लिही, म्हणते मी,
पण हात पिठातच राहतात.

तुझ्या बाबाची अकरा पत्रं आहेत माझ्याकडे, सांगलीची.
लॉफ्टमध्ये, ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्यात,
चमचमत्या गोळ्यांच्या खाली.
त्यात मी रातराणी होते. सतारीची तार होते.
एकदा तर, का कुणास ठाऊक, कृष्णेचा घाट.
घाट! ज्यावर लोक धुणं आपटतात.
अकरापैकी एकाही पत्रात मला सर्दी झाली नव्हती,
भाऊ नव्हता, गणिताची भीती नव्हती.
मी ती पत्रं पाठ केली होती, खोटं कशाला बोलू.

हे मी तिला सांगत नाही.
सहा वर्षं झाली अच्युत क्रूला राहायला गेला त्याला,
आणि तिथून तो मला दर आठवड्याला लिहितो:
बॉयलरचं प्रेशर दीडवर ठेव.
शालूचा इन्हेलर संपत आला असेल.
डाव्या मागच्या टायरमध्ये हवा बघ.
एक उपमा नाही. खाली नाव नाही.

आत्ताही फोन वाजतो. माझे हात बरबटलेले,
म्हणून तीच उचलते, आणि वाचते
वर्गात वाचतात तसं,
ओळ संपली की थांबत:

दाराशी मिठाचं पोतं ठेवलंय.
उद्या पायऱ्या गोठतील.
तू उचलू नकोस. पाठ.

मग मान तिरकी करून,
हायलायटरचं टोपण दातांत धरून, विचारते,
आई, ह्यातला ‘तू’ कोण?

कोण म्हणजे?
म्हणजे तो आला होता. आपण दोघी घरात असताना.
बेल वाजवली नाही.

मला तिला सांगायचं असतं की ह्याला कविता म्हणू नकोस.
ह्याच माणसाला एका खोलीत माझ्याबरोबर
दहा मिनिटं बसवत नव्हतं,
आणि मलाही.
मिठाने बर्फ वितळतो, त्यापलीकडे काही नाही.
पण तिने गुलाबी पेन उचललंय, मग ठेवलंय,
मग पिवळं,
आणि आता दोन्ही हातांत धरून बसलीय.

पुस्तकाबाहेरचं चालत नाही, ती म्हणते, गुण कापतात.

मी हात धुते.
‘पोचलं’ लिहिते, पुसते.
‘थँक्स’ लिहिते, तेही पुसते.
ती खांद्यावरून बघतेय, मी बघू देते.
तव्यावरची पोळी एका बाजूने पार काळी झाली
तेव्हा कुठे ‘मिळालं’ गेलं.

मग आम्ही दोघी बाहेर गेलो, चपला घालून,
पोतं दोन टोकांना धरलं.
जड होतं.