बाकाची मुदत

माझ्या टेबलावर शहरातली सगळी हिरवळ
एका निळ्या फायलीत मावते.
एकशे सोळा बागा, नऊ मैदानं,
पोहायचे तलाव दोन, त्यातला एक गळका.
अडतीस घसरगुंड्या, आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी
किती इंच भुसा हवा, त्याचा नियम.

लोकांना वाटतं, ही बाई उंटावरून शेळ्या हाकते.
उंट कुठला?
एक पांढरी पिकअप आहे, तिचा हीटर फक्त डावीकडे चालतो.
आणि शेळ्यांच्या जागी रानहंस,
सुपीरियरच्या काठावरून रांगेत चालत येतात
फुटबॉलच्या मैदानावर हगायला,
दर वर्षी, कुठल्याही ठरावाशिवाय.

जानेवारीत ऑर्लँडो फिलिपेट्टो
रात्री अकराला पाण्याचा पाइप धरून उभा असतो.
उणे सत्तावीस.
बर्फाचं मैदान एका दमात होत नाही,
नव्या पोरांना सांगतो तो,
पाणी पातळ सोडायचं, सायीइतकं,
थांबायचं.
पुन्हा सोडायचं.
घाई केली की बर्फाच्या पोटात हवा राहते,
सकाळी सहा वर्षांचं पोर तोंडावर आपटतं
आणि फोन मला येतो.

आज फोन नव्हता, पत्र होतं.

नियम सतरा: आठवणीचा बाक दहा वर्षांसाठी.
पुढे नूतनीकरण, नाहीतर पाटी उतरवून
बाक दुसऱ्याच्या नावे.
नियम माझ्या आधीच्या साहेबांचा,
मी फक्त रक्कम वाढवली.
त्याप्रमाणे सूचना गेली होती
आउने रांतामॅकी यांना, वय एक्याण्णव.
बाक क्रमांक दोनशे बारा, तोंड धक्क्याकडे,
पाटीवर: 'टॉइवो. इथून जहाजं मोजायचा.'

उत्तर रेघांच्या कागदावर, शाईपेनाने:

'मिस वबासी,
पैसे आहेत. नूतनीकरण नको.
दहा वर्षं त्याने एक बाक अडवला, पुरे.
जिवंत होता तेव्हाही
सरकून जागा द्यायचा नाही कुणाला.
आता दुसऱ्यांना बसू द्या.
पण पाटी माझ्याकडे पाठवू नका,
घरात त्याच्याच वस्तू इतक्या
की मी कडेकडेने चालते.
बाकाच्या खालच्या अंगाला लावता आली तर बघा.
दिसायला नको कुणाला.
तिथे आहे, एवढंच.'

अर्जात असा रकाना नाही.
'खालचं अंग' हे शब्दच नाहीत आमच्या नियमावलीत.
वकिलांना विचारलं असतं
तर तलावांचा हंगाम उलटून गेला असता.

एप्रिलात चिखल थोडा आवळला
तेव्हा ऑर्लँडोने बाक शेडमध्ये आणला.
दोघांनी मिळून पालथा घातला, कासवासारखा.
खाली च्युइंगगम,
गुलाबी, करडं, दगड झालेलं.
खिळ्याने कोरलेलं कुणाचं तरी प्रेम,
नावाचं स्पेलिंग चुकलेलं.
आणि पितळेच्या दोन पाट्या.

काळ्या पडलेल्या.
स्क्रू चौकोनी खाचेचे, आमच्याच खात्याचे.
एकीवर: 'ओलेना ह्नातिउक, विणत बसायची.'
दुसरीवर फक्त 'बाळ'
आणि एकच तारीख.

मी ऑर्लँडोकडे पाहिलं.
एकतीस वर्षं झाली त्याला इथे.
त्याने टोपी पुढे ओढली,
म्हणाला, स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवला मी,
आत्ता इथेच होता.
हातातच होता.

शहरात बाक चारशेच्या वर आहेत.
मी काही विचारलं नाही.
मी टॉर्च धरला, त्याने टॉइवोला
ओलेनाच्या शेजारी बसवलं, जरा तिरपं,
च्युइंगगम खरवडलं नाही,
वेळ नव्हता.

रजिस्टरात लिहिलं:
बाक २१२. किरकोळ दुरुस्ती. स्क्रू चार. अर्धा तास.

वरच्या बाजूसाठी नवा अर्ज आलाय,
एका कुत्र्याच्या नावाने.
जोडपं तरुण आहे, चेक जोडलाय.
मंजूर.