हेकल

डंडी शहरात, टे नदीच्या अंगाला,
एक क्रियापद आधी हातात होतं,
तोंडात नंतर आलं.

ठोकळ्यावर उभे पोलादी दात.
त्यांवर अळशीचा वाख आपटायचा, ओढायचा,
पुन्हा आपटायचा.
काड्या, गाठी, कुसळं खाली;
मुठीत उरतो तो केसासारखा लांब धागा.
याला म्हणायचं हेकल करणं.
आपल्याकडे हुर्यो आहे,
पण हुर्योला दात नसतात.

खोलीत एकोणीस माणसं विंचरणारी
आणि विसावा डेव्हिट गेलाटली.
त्याच्या वाटचा वाख बाकीचे ओढत,
त्यानं फक्त पेपर वाचायचा,
खोकल्यांच्या वरच्या पट्टीत.

"धान्याचे भाव सध्या समाधानकारक..."
"कुणाच्या समाधानाला?" कोपऱ्यातून ऑखटरलोनी.
"मंत्रिमहोदय पुढे म्हणाले..."
"जेवून म्हणाले, की उपाशी?"
महोदय तिकडे लंडनला,
इथे त्यांच्या वाक्यांतून
रोज मूठमूठ कुसळं निघत.

मार्चमध्ये मजुरी कापली.
सभा भरली गोदीपाशी, डेव्हिट पिंपावर चढला.
आवाज वाचून वाचून कमावलेला.
"बंधूंनो, आपली न्याय्य मागणी..."
"आकडा सांग." ऑखटरलोनीच.
"न्याय म्हणजे आठवड्याला किती पेन्स?"
"छाती भरली, अंथरूण धरलं, तर किती?"
"आणि कातणाऱ्या बायकांना?"
हे मागून, इसोबेल डफ.
लोक हसले. ती नाही हसली.
डेव्हिटनं टोपी काढली, पुन्हा घातली.
या शेवटच्याचं उत्तर
त्याच्या कुठल्याच खिशात नव्हतं.

रात्री चुलीपाशी दाढीतले तंतू वेचत बसला.
"आपलीच माणसं," म्हणाला.
ग्रिझलनं बटाटे उकडत ठेवले होते,
मागे न वळता म्हणाली,
"गवत कोण विंचरतं, डेव्हिट?"
त्याला ते तेव्हा पटलं नाही.
जेवलाही नाही नीट.

सोमवारी पुन्हा स्टुलावर. पेपर दोन दिवस शिळा.
"एकंदरीत पाहता
कष्टकरी वर्ग संतुष्ट आहे..."
वाचता वाचता तोच अडला.
कागद डोळ्यांपासून लांब धरला,
समोर कुणी उभं असावं तसा.
"बायकांसकट?"
त्यानं कागदाला विचारलं.

एकोणीस जुडगे दातांवर
अर्ध्यात थांबले.
ऑखटरलोनी खोकला, तोंड पुसलं,
म्हणाला,
"हं. वाच पुढे."